‘ठाणे’ की ‘थेन’?

कोपरखैरण्याहून ठाण्याला येताना माझी तिसरीतली भाची खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत होती. देवनागरीतलं घणसोली, रबाळे, ऐरोली तिने झरझर वाचलं. मग इंग्रजी अक्षरांकडे वळली. रबाळेचं ‘रॅबेल’ झालं होतंच. ठाणं आलं तेव्हा ठामपणे म्हणाली, “मामा, इथे थेन लिहिलंय.” डब्यातले दोघं-तिघं हसले आणि ती एकदम गप्प झाली.

मला तिचा अभिमान वाटला. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या ‘ए’चा उच्चार बदलतो, हे ती ‘केक’ आणि ‘लेन’वरून शिकली आहे. ‘टी-एच’चा थ होतो, हेही तिला माहीत आहे. शिकलेले दोन्ही नियम तिने बरोबर लावले. फक्त गावाचं नाव त्या नियमांनी लिहिलेलं नव्हतं.

इंग्रजी वाचायला शिकणं अवघड का जातं, ते या एका पाटीत दिसतं. देवनागरीत ‘मा’ कुठेही आला तरी ‘मा’च. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या च सारखे अपवाद आहेत, पण मोजकेच. इंग्रजीत एकाच ‘ए’चे कितीतरी उच्चार. २००३ साली युरोपातल्या १३ भाषांमधल्या मुलांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध झाली. शाळेचं पहिलं वर्ष संपताना फिनिश, ग्रीक, इटालियन मुलं ओळखीच्या शब्दांपैकी ९० टक्क्यांहून जास्त शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली, इंग्रजीतून शिकणारी मुलं जेमतेम ३४ टक्के. ज्यांच्या घरीदारी इंग्रजी आहे, त्यांची ही गत. तेव्हा कोपरखैरण्यातलं मूल स्पेलिंगला अडखळलं, तर ते मंद आहे असं कृपा करून कुणी म्हणू नये.

मग घरी काय करायचं? माझ्या बहिणीला शाळेतून सल्ला मिळाला: घरी इंग्रजीतच बोला. तिने तो मनावर घेतला. “टिफिन फिनिश कर”, “शूज वेअर कर”, “हँड वॉश केले का?” सुरू झालं. हळूहळू लेकीची उत्तरं आखूड होत गेली. पूर्वी शाळेतलं भांडण दहा मिनिटं रंगवून सांगणारी मुलगी “गुड होता” एवढ्यावर थांबू लागली. आईला मुलीचं भलंच करायचं होतं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. असा सल्ला देणाऱ्यांनी भाषाशास्त्राचं एखादं पान तरी वाचायला हवं होतं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास मांडलं की मुलाच्या दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या डब्यांत राहत नाहीत, खाली त्यांचा पाया एकच असतो. गोष्टीचा क्रम लावणं, कारण शोधणं, तुलना करणं हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेसाठी ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही, नवे शब्द तेवढे शिकायचे असतात. त्यांनी आणखी एक फरक दाखवला. खेळता-बोलताना लागणारी इंग्रजी स्थलांतरित मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकातली इंग्रजी पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही आजूबाजूला सगळे इंग्रजी बोलत असताना. आपल्याकडे शाळेचा गणवेश उतरला की इंग्रजीही उतरते, मग वेळ जास्तच लागणार.

वाचनाचंही तसंच. १९९३ साली अमेरिकेत स्पॅनिशभाषक घरांतल्या पहिलीच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना स्पॅनिश शब्दांमधले आवाज सुटे करता येत होते, ती मुलं इंग्रजी शब्दही चांगले वाचत होती. आवाज सुटे करायला मराठी उत्तम आहे. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरतं? मळ. ‘काका’ची ‘काकी’ झाली तेव्हा काय बदललं? शेवटचा आ गेला, ई आली. हा दुसरा खेळ जास्त मोलाचा, कारण देवनागरी अख्खं अक्षर दाखवते आणि इंग्रजीत त्याच्या आतला स्वर वेगळा ऐकू यावा लागतो. भाजी निवडता निवडता हे खेळता येतं आणि त्यासाठी आईबाबांना इंग्रजी यावंच लागतं असं नाही.

उच्चारांबद्दल थोडंसं. तान्ही बाळं परक्या भाषेतले आवाजही वेगळे ओळखतात. १९८४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात कॅनडातल्या इंग्रजीभाषक घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येत होते, वर्षाची होईपर्यंत ती क्षमता बहुतेकांची ओसरली. आपल्याकडे इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चं असंच होतं, दोन्ही ‘व’ वाटतात. पण मराठी लेखनाने त्यावर तोडगा काढलेला आहे: आपण ‘व्हॅन’ लिहितो आणि ‘वॉटर’ लिहितो. व्ह ला वरचे दात खालच्या ओठावर, व ला ओठांचा चंबू. आरशासमोर दोन मिनिटं पुरतात.

गेल्या श्रावणात भाचीला ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या पाठ होती, अर्थ विचारला की मान खाली. गॅलरीत तिचा गणवेश दोन दिवस वाळत नव्हता. आजीने विचारलं, “का गं वाळत नाही?”

“ऊन नाही म्हणून.”

“मग परवा रात्री पंख्याखाली कसा वाळला? तिथे कुठे होतं ऊन?”

पोर विचारात पडली. वारा लागला, पाणी हवेत गेलं, पण बाहेरची हवा आधीच ओली आहे, तिच्यात आणखी पाणी कसं मावणार, असं तिने मराठीत, हात हलवत, स्वतःच जुळवलं. मग वही उघडून तेच इंग्रजीत लिहू लागली. ‘इव्हॅपोरेशन’चं स्पेलिंग चुकलं. खोडरबराने पुसून तिने आजीलाच विचारलं, “आजी, पंख्याचं पण लिहू?”