क्लासच्या नोट्स टेलिग्रामवर फिरताहेत? कॉपीराइट नोंदणी, हटवण्याची नोटीस आणि कुलूप फोडण्याचा कायदा

नागपुरात बर्डी असो, धरमपेठ की नंदनवन, स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवणारा माणूस पीडीएफ फुटली की पहिला प्रश्न हाच विचारतो: "आपण कॉपीराइट घेतला नव्हता, आता काही करता येईल का?" येतं. भारतात कॉपीराइट ‘घ्यावा’ लागत नाही. टिपण लिहून झालं, व्याख्यान रेकॉर्ड झालं, अ‍ॅपचा कोड टाइप झाला, की त्या क्षणी कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार हक्क तयार होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. तिचा उपयोग कलम ४८ मध्ये आहे: नोंदवहीत नाव असेल तर न्यायालय ते प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरतं आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी समोरच्यावर येते. ५०० रुपयांत एवढं मिळत असेल तर नोंदणी करावीच. पण फुटलेली पीडीएफ हटवायला नोंदणीची वाट पाहत बसू नये.

दुसरा गोंधळ खास नागपूरचा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज रोडवर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पाटी वाचून लोक तिथे फाइल घेऊन जातात. ती केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आहे. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट समजून घ्यायला तिथले कार्यक्रम चांगले, पण कॉपीराइटचे अर्ज तिथे जमा होत नाहीत. कॉपीराइट कार्यालय देशात एकच, दिल्लीत द्वारकेला, आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. त्यासाठी एजंट लागतोच असं नाही.

अर्ज कोण करू शकतो

लेखक स्वतः, किंवा ज्याच्याकडे हक्क आले आहेत तो. क्लासच्या बाबतीत खरी गाठ इथेच बसते. शिक्षक पगारी नोकर असेल आणि नोट्स नोकरीचा भाग म्हणून लिहिल्या असतील, तर वेगळा करार नसताना पहिला मालक क्लास ठरतो (कलम १७). तासावर येणाऱ्या पाहुण्या शिक्षकाने लिहिलेल्या नोट्स मात्र त्याच्याच. मानधन दिलं म्हणून हक्क आपोआप येत नाहीत. लेखी आणि सहीचं हस्तांतरण लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. नागपुरातले किती क्लास असा कागद करतात, हे त्यांचं त्यांनाच विचारा.

आणखी एक. दुसऱ्याच्या पुस्तकातले उतारे जोडून केलेल्या नोट्सवर आपला हक्क सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी या कायद्याच्या प्रकाशकाच्या प्रकरणात सांगितलं की नुसती मेहनत पुरेशी नाही, मांडणीत काहीएक कौशल्य, विचार आणि थोडी तरी सर्जनशीलता दिसली पाहिजे. अभ्यासक्रम, कल्पना, शिकवण्याची पद्धत, क्लासचं नाव यांना कॉपीराइट मिळत नाही. नावासाठी ट्रेडमार्कचा रस्ता वेगळा.

अर्ज आणि कागदपत्रं

कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि फॉर्म १४ भरायचा. सोबत ‘तपशिलाचं विवरण’ आणि साहित्यकृतींसाठी ‘अधिक तपशिलाचं विवरण’ असतं. दर कृतीला वेगळा अर्ज. सगळा संच एक पुस्तक म्हणून बांधला असेल तर तो एका अर्जात बसतो. लिखित, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीला ५०० रुपये, वस्तूंवर वापरायच्या कलाकृतीला २,०००, ध्वनिमुद्रणाला २,००० आणि चित्रपटाला ५,०००. व्हिडिओ व्याख्यान कायद्याच्या लेखी ‘चित्रपट’ असतं, म्हणून त्याची फी ऐकून लोक दचकतात. शंभर व्याख्यानं वेगवेगळी नोंदवायच्या भानगडीत पडू नका. लिखित टिपणं नोंदवा, व्हिडिओचा मूळ कच्चा फाइलसाठा तारखांसकट जपून ठेवा.

कृतीची प्रत आणि अर्जदाराची सही स्कॅन करून चढवायची. अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं ना-हरकत पत्र, प्रकाशक वेगळा असेल तर त्याचं, मुखपृष्ठावर कुणाचा फोटो असेल तर त्या व्यक्तीचं. वकिलामार्फत भरत असाल तर मुखत्यारपत्र. अ‍ॅपचा किंवा सॉफ्टवेअरचा कोड साहित्यकृतीतच मोडतो. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, एकूण पानं २० पेक्षा कमी असतील तर सगळा कोड, आणि काळी पट्टी मारून काही झाकायचं नाही.

फी भरली की डायरी क्रमांक मिळतो. त्यानंतर ३० दिवस आक्षेपांसाठी राखीव, त्या काळात काही हलत नाही. मग छाननी. त्रुटी निघाली तर पत्र येतं आणि त्याला मुदतीत उत्तर द्यायचं असतं. त्रुटी बहुधा साध्या असतात: मुखपृष्ठावर एक शीर्षक आणि अर्जात दुसरं, किंवा ‘अप्रकाशित’ लिहिलं पण त्याच नोट्स गेल्या वर्षापासून विकल्या जात आहेत. विकलेली कृती प्रकाशित धरली जाते, तेव्हा प्रथम प्रकाशनाचं वर्ष आणि देश लिहावा लागतो. पुढे तपशील बदलला तर फॉर्म १५.

कुलूप लावलं, पण कायदा त्याला किती धरतो

आता ज्यावर क्लासवाले सर्वांत जास्त पैसा घालतात ती गोष्ट: अ‍ॅपमधलं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय फाइल उघडू नये अशी सांकेतिक बांधणी), स्क्रीन रेकॉर्डिंग बंद करणं, पानावर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर आडवा छापणं. विक्रेता सांगतो, "हे फोडलं तर दोन वर्षं जेल." अर्धंच खरं.

कलम ६५-अ हे २०१२ च्या दुरुस्तीतून आलं. प्रभावी तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या उद्देशाने चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हक्कभंगाच्या उद्देशाने’ हे शब्द महत्त्वाचे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच मूळ गुन्हा, तोडण्याची साधनं विकणंही गुन्हा, आणि सवलती दर तीन वर्षांनी नव्याने ठरतात. आपल्याकडे संसदेने तो रस्ता घेतला नाही. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढलं तर ६५-अ लागत नाही. एन्क्रिप्शनचं संशोधन, मालकाच्या परवानगीने सुरक्षेची चाचणी, कायदेशीर तपास हेही बाहेर. ‘प्रभावी’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. पोराने दुसरा मोबाइल स्टँडवर लावून लॅपटॉपचा पडदा शूट केला, तर कुलूप चुकवलं की नाही यावर वकील तासभर भांडतील. ती कॉपी बेकायदा आहे यावर मात्र भांडण नाही, आणि तक्रार त्याच मुद्द्यावर उभी करावी.

कलम ६५-ब आणखी कामाचं, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. हक्कांची माहिती परवानगीशिवाय काढणं किंवा बदलणं, आणि ती काढलेली आहे हे माहीत असून प्रती वाटणं, हा गुन्हा आहे. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत. ही माहिती म्हणजे कृतीचं शीर्षक, लेखकाचं नाव, हक्कधारकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी, किंवा हे सारं दर्शवणारा क्रमांक. पण व्याख्येच्या शेवटी एक शेपूट आहे: वापरकर्त्याची ओळख पटवणारी युक्ती यात येत नाही. म्हणजे पानावर आडवा छापलेला विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर कुणी पुसला तर तेवढ्यावर ६५-ब लागणार नाही. शिवाय वापरकर्त्याची ओळख किंवा पाळत यासाठी असलेले उपाय चुकवायला ६५-अ मध्येही सूट दिली आहे. नंबर छापायचा तर छापा, गळती कुठून झाली ते कळायला तो उपयोगी पडतो. पण प्रत्येक पानाच्या तळाशी ही ओळही हवी:

"राज्यव्यवस्था टिपणं, भाग २. लेखक: (नाव). हक्क: (क्लासचं नाव आणि पत्ता). फक्त नोंदणीकृत विद्यार्थ्याच्या वैयक्तिक अभ्यासासाठी. प्रत काढून वाटण्यास किंवा विकण्यास परवानगी नाही."

ही ओळ खोडून कुणी पीडीएफ वाटली, की तुमच्या हातात वेगळा गुन्हा आला. खर्च शून्य. हजारोंचं कुलूप घेण्याआधी हे करा.

फुटल्यावर: आधी पुरावा, मग नोटीस

चॅनेल दिसलं की लोक आधी त्यात शिव्या टाकतात आणि चॅनेलवाला नाव बदलून पसार होतो. गप्प राहा. चॅनेलची लिंक, प्रत्येक पोस्टची लिंक, तारीख-वेळ, सदस्यसंख्या, फाइलचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि फाइल उतरवून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलची बोटाच्या ठशासारखी सांकेतिक ओळख) येते. (जुन्या पुरावा कायद्यात हेच ६५-ब होतं. त्यामुळे "६५-ब केलं का?" असं कुणी विचारलं तर कुठल्या कायद्याचं ते आधी विचारून घ्या.)

मग कलम ५२(१)(क) आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ खाली सेवा पुरवणाऱ्याला, म्हणजे टेलिग्रामसारख्या अ‍ॅपला, लेखी तक्रार. त्यात कृतीचं वर्णन, तुम्ही मालक आहात याचा तपशील, समोरची प्रत हक्कभंग करणारी असून कलम ५२ च्या (हक्कभंग न मानल्या जाणाऱ्या वापरांच्या) कोणत्याही सवलतीत बसत नाही हे, तिचं नेमकं ठिकाण, अपलोड करणारा माहीत असेल तर त्याची माहिती. "तुमच्या अ‍ॅपवर आमच्या नोट्स आहेत" एवढ्याने भागत नाही. मायस्पेस या संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नेमक्या माहितीचाच आग्रह धरला. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळ्या ओळीत लिहा.

शेवटची बाब लोक वाचतच नाहीत: हमीपत्र. नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत सक्षम न्यायालयात दावा दाखल करून आदेश आणून देईन, असं तुम्ही लिहून द्यायचं असतं. तक्रारीने सेवा पुरवणाऱ्याचं समाधान झालं तर त्याने ३६ तासांत ती प्रत २१ दिवसांसाठी बंद करायची. त्या मुदतीत आदेश पोचला नाही तर तो मजकूर पुन्हा सुरू करू शकतो, आणि त्याच ठिकाणच्या त्याच कृतीबद्दल तुमच्या पुढच्या नोटिशीला उत्तर द्यायला तो बांधील राहत नाही. म्हणून वकील ठरवल्याशिवाय ही नोटीस उडवू नका. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा कॉपीराइट तक्रार फॉर्म असेल तर आधी तो भरा. अमेरिकी कंपन्यांचे फॉर्म तिथल्या कायद्यावर चालतात, त्यात खोटं लिहिणं महागात पडतं, पण २१ दिवसांचं घड्याळ तिथे नसतं.

चॅनेल चालवणारा कोण हेच माहीत नसेल तर? दिल्लीत एका कोचिंग शिक्षिकेचीच ही लढाई झाली. नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये चॅनेलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करण्याचा आदेश दिला. सर्व्हर परदेशात आहेत ही सबब चालली नाही.

न्यायालय आणि पोलीस

कलम ६२ मुळे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या न करता सिव्हिल लाइन्समध्येच. दाव्याचं मूल्य ३ लाख किंवा अधिक असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाचा विषय. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तातडीचा मनाईहुकूम मागत असाल तर ती अट नाही. २१ दिवसांचा हिशेब जमतो तो यामुळेच.

कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायला मिळालं तर या निकालाची प्रत पुढे करा. १९३० हा क्रमांक पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी आहे. नोट्सच्या नावाखाली विद्यार्थ्यांकडून पैसे उकळले असतील तरच तिथे फोन करा. आणि तक्रारीला जाण्याआधी क्लासच्या संगणकावरचं डीटीपी सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. जाणूनबुजून ते वापरणं कलम ६३-ब चा गुन्हा आहे. बिनबुडाच्या धमक्यांचीही किंमत मोजावी लागते: कलम ६० खाली समोरचा उलट दावा करू शकतो.

ज्यांच्यासाठी कुलूप काढावं लागतं

दृष्टिहीन विद्यार्थ्याने तुमची कुलूपबंद पीडीएफ विकत घेतली आणि त्याचं वाचन-सॉफ्टवेअर ती वाचू शकलं नाही, तर वापरण्याजोगी प्रत करून घेणं त्याच्यासाठी कलम ५२ मध्ये मोकळं आहे, तो धंदा नसेल तोवर. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. अशा विद्यार्थ्याला कुलूप काढून देणाऱ्या मित्राने किंवा संस्थेने काय करायचं तेही ६५-अ मध्येच लिहिलं आहे: त्या विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कुलूप कशासाठी काढलं ते, यांची पूर्ण नोंद ठेवायची. साधी शंभर पानी वही चालते. क्लासने स्वतःच अशा विद्यार्थ्याला बिनकुलपाची युनिकोड फाइल दिली, तर ती वहीही लागत नाही.