मातकट की कुबट? कॅटफिशच्या तळ्यातले दोन वास

अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या डेल्टा भागात, तळ्यांत पाळलेला चॅनल कॅटफिश हा मासा वजनाला पुरेपूर भरूनही मासे प्रक्रिया करणारा कारखाना तो घेत नाही, त्याचं नेहमीचं कारण वास. या वासामागे मुख्यतः दोन रसायनं असतात: जिओस्मिन आणि २-मिथिलआयसोबोर्निऑल, म्हणजे एमआयबी. ‘शेवाळाचा वास’ म्हणून दोन्ही एकाच खात्यात जमा होतात आणि उपाय तिथेच चुकतो.

जिओस्मिन म्हणजे पहिल्या पावसातला मातीचा वास. एमआयबी कुबट, कापराकडे झुकणारं. नाक सरावलेलं नसेल तर गफलत होतेच, म्हणून तळ्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. मणी ओवल्यासारखे तंतू आणि मधेच एखादा फिकट, वेगळा मणी दिसला, तर ते डोलिकोस्पर्मम हे नील-हरित शेवाळ. त्याच्या काही जाती जिओस्मिन तयार करतात. सलग तंतू, टोकाशी निमुळते आणि किंचित वाकलेले, म्हणजे प्लँक्टोथ्रिक्स परोर्नाटा, हेही नील-हरित शेवाळच. डेल्टातलं एमआयबी बहुतांशी याचंच.

हे कळलं की बंदोबस्त आधीच करता येतो, कारण प्लँक्टोथ्रिक्स गरम पाण्यात फोफावतं. पाणी २१ अंश सेल्सिअसवर गेलं की दर आठवड्याला एकरी सुमारे २.३ किलो मोरचूद गोणपाटाच्या पिशवीत भरून पॅडलव्हील एरेटरच्या (पाणी घुसळून त्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) प्रवाहात टांगतात. तो हळूहळू विरघळतो. हे प्रमाण तिथल्या जास्त अल्कलिनिटीच्या (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), साधारण ४ फूट खोल तळ्यांसाठी आहे. अल्कलिनिटी लिटरला ५० मिलिग्रॅमखाली असेल तर मोरचुदाला हात लावू नये, मासेच दगावतात.

जिओस्मिनचं गणित इतकं सरळ नाही. त्याचे उगम अनेक, शिवाय ते बरंचसं पेशींच्या आत असतं. हिरवा थर दाटल्यावर मोरचूद टाकला तर पेशी फुटून ते पाण्यात उतरतं आणि मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायूही घटतो.

माशात शिरल्यावर मात्र दोघांची चाल सारखीच. कल्ल्यांतून आत जायला काही तास पुरतात, बाहेर पडायला दिवस ते आठवडे लागतात. थंड पाण्यात आणि चरबीदार माशात जास्तच.

म्हणून चव काढणीच्या एक-दोन आठवडे आधी, मग आदल्या दिवशी आणि शेवटी ट्रकवर पाहतात. शेपटीकडचा तुकडा कातडीसकट, मीठ-मसाला न लावता मायक्रोवेव्हमध्ये शिजवायचा. आधी वास, मग घास. एकाच माशावर भागवू नये, एका तळ्यातले मासेही सारखे नसतात.