ऑटोस्टार्ट की डी-बस? नको असलेला फाइल मॅनेजर कोणाच्या सांगण्यावरून उघडतो

लिनक्सवर नको असलेला फाइल मॅनेजर आपोआप उघडू लागला की बहुतेक जण ऑटोस्टार्टची यादी तपासतात आणि तीत त्याचे नाव सापडले नाही की गोंधळतात. आपोआप उघडण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत: लॉगिनबरोबर ठरलेले प्रोग्राम सुरू करणारा ऑटोस्टार्ट, आणि डी-बस, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप देण्याची व्यवस्था; तिच्यावरून हाक आली की बंद असलेला प्रोग्राम सुरू होतो, ते डी-बस सक्रियण. कोकणात चतुर्थीला चाकरमानी स्वतःहून घरी येतो, भटजी मात्र निरोप गेल्यावरच येतात. ऑटोस्टार्ट हा चाकरमानी आणि डी-बस सक्रियण म्हणजे भटजी, असे मी समजावून सांगतो.

ऑटोस्टार्टचे काम सरळ आहे. लॉगिन होताच डेस्कटॉप ‘/इटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट’ आणि घरच्या फोल्डरातील ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’ येथील फाइली वाचतो. मूळ फाइलीला हात न लावता तिची त्याच नावाची प्रत घरच्या फोल्डरात ठेवून तीत ‘हिडन’ची किंमत ‘ट्रू’ केली, की काम भागते. मूळ फाइल खोडली तर पुढच्या अपडेटबरोबर ती परत येऊ शकते. लॉगिनला खिडकी उघडते आणि तरीही यादीत काही नाही, असे असेल तर मागचे सेशन (लॉगआउटच्या वेळी उघडे असलेले प्रोग्राम) जतन होत आहे का, एवढे पाहावे.

खरी डोकेदुखी डी-बसची. देवगडच्या एका आंबा बागायतदारांच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे आणि त्यांना त्याच्या थुनार या फाइल मॅनेजरची सवय आहे. पण पेट्यांची पावती ब्राउझरमध्ये उतरवून ‘फोल्डरमध्ये दाखवा’ दाबले, की समोर डॉल्फिन हा दुसराच फाइल मॅनेजर उभा राहत असे. त्यांनी फोल्डरसाठीचा डीफॉल्ट प्रोग्राम थुनार करून पाहिला होता, तरी फरक पडला नाही, कारण ब्राउझर येथे डीफॉल्टची चौकशीच करत नाही: तो ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फाइलमॅनेजर1’ या नावाला डी-बसवरून हाक मारतो आणि ते नाव चालू असलेल्या कोणत्याही प्रोग्रामने घेतलेले नसेल, तर डी-बस त्या नावाच्या सर्व्हिस फाइलीत लिहिलेला प्रोग्राम सुरू करते. थुनार आणि डॉल्फिन दोघेही स्वतःची अशी फाइल ‘/यूएसआर/शेअर/डीबस-1/सर्व्हिसेस’मध्ये टाकतात, त्यामुळे दोन्ही बसवलेले असताना मान कोणाला मिळेल याचा भरवसा नसतो. ऑटोस्टार्टमधले ‘हिडन’ येथे निरुपयोगी आहे.

उपाय असा की घरच्या फोल्डरातील ‘.लोकल/शेअर/डीबस-1/सर्व्हिसेस’मध्ये आपली एक सर्व्हिस फाइल करावी, तिच्या ‘नेम’च्या ओळीत वरचेच नाव आणि ‘एक्झेक’च्या ओळीत थुनारचा पूर्ण मार्ग ‘--डीमन’सह (म्हणजे खिडकी न उघडता मागे चालू राहण्याच्या सूचनेसह) द्यावा (या ओळी अर्थातच रोमन लिपीत). घरच्या फाइलीला सिस्टिमच्या फाइलीपेक्षा अग्रक्रम मिळतो. मात्र डॉल्फिन आधीच चालू असेल तर ते नाव त्याच्याकडेच राहते. बागायतदारांच्या बाबतीत नेमके हेच झाले: फाइल बरोबर होती, पण एका कोपऱ्यात डॉल्फिनची खिडकी मिनिमाइझ करून ठेवलेली होती. ती बंद करून पुन्हा लॉगिन केल्यावर पावती थुनारमध्ये उघडली.