पाणी उकळलं की रसायनंही जातात? नाही!

"पाणी खळखळून उकळा, मग त्यात काहीच उरत नाही." उजनीचं पाणी गढूळ आलं की सोलापुरात घरोघरी हा सल्ला मिळतो. जंतूंपुरता तो अगदी योग्य आहे. कावीळ, गॅस्ट्रो टाळायचे तर पाणी उकळाच. पण पाण्यात पीफास नावाच्या गटातली कृत्रिम रसायनं असतील, तर ती म्हणजे जंतू नव्हेत.

त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिन बंध इतका घट्ट असतो की १०० अंशांना तो तुटत नाही. उलट वाफेनं पाणी घटतं आणि उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. तुरटी, क्लोरिन यांचाही इथे उपयोग नाही. आरओ आणि सक्रिय कार्बनचा फिल्टर त्यांना बऱ्यापैकी अडवतात, मात्र कार्बन वेळेवर बदलायला हवा. आरओनं बाहेर टाकलेल्या पाण्यात ती असतातच. अडवली गेली, नष्ट झाली नाहीत.

पीफासपैकी पीएफओए हे रसायन शरीरात निम्मं व्हायला काही वर्षं लागतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा ठरवली ती लिटरला अवघी ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग)!

कापडावर पाणी किंवा डाग टिकू नये म्हणून ही रसायनं जगभर वापरली गेली. आपला टॉवेल पाणी शोषण्यासाठीच असतो, त्याला असला लेप नकोच. पण डागरोधक पडदे, सोफ्याची कापडं, रेनकोट घेताना 'फ्लोरिनविरहित आहे का?' हे दुकानदाराला जरूर विचारा.