मॉरिशसचे स्वातंत्र्य

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावरील ब्रिटिश वसाहतीने १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र राष्ट्र होण्यापर्यंत केलेला घटनात्मक प्रवास. तुरुंगवास, सत्याग्रह किंवा सशस्त्र उठावाच्या ओळखीच्या चौकटीत तो बसत नाही. इथला खरा वाद राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात जितका होता, त्याहून अधिक बेटावरच्याच लोकांत होता.

बेटावर मूळ रहिवासी नव्हते. डच १६३८ मध्ये वस्तीला आले आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर त्यांनी बंदर आणि उसाचे मळे उभे केले. डिसेंबर १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या तहात फ्रेंच भाषा, कायदे, धर्म आणि मालमत्ता कायम ठेवण्याचे वचन दिले. परिणामी गव्हर्नर इंग्रज, मळेवाला फ्रेंच आणि बाजारात फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोली अशी रचना रुजली, ती आजही बरीचशी दिसते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना मिळाली. मजुरांची गरज भागवण्यासाठी १८३४ पासूनच भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले होते. तमिळ आणि तेलुगू भाषक मद्रासमार्गे आले, तर मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणातली कुटुंबे होती. आजच्या मराठी मॉरिशियनांचे हेच पूर्वज. १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या हलाखीविषयी अर्ज पुढे आणला आणि शाही चौकशी आयोग नेमावा लागला. राजकीय हक्कांचा मात्र विचारही झाला नाही. १८८५ च्या घटनेने मतदान मालमत्तेशी बांधले. १९०७ मध्ये गांधीजींच्या सूचनेवरून आलेले वकील मणिलाल डॉक्टर मजुरांचे खटले लढवू लागले. १९३६ मध्ये मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी मळ्यांवर संप आणि गोळीबार झाले.

निर्णायक वळण १९४८ च्या निवडणुकीने घेतले. बेटावरच्या एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत मिळाले आणि सुमारे बारा हजारांची मतदारयादी सत्तर हजारांच्या पुढे गेली. या आकड्यामागे गावोगावच्या ‘बैठका’ होत्या. दिवसभर उसात राबलेली माणसे रात्री तिथे अक्षरे गिरवत. समाजसुधारक बासदेव बिसूनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी ही साक्षरता मोहीम जिद्दीने चालवली. सभा आणि मोर्चांपेक्षा या रात्रशाळांनी सत्तेचे पारडे अधिक फिरवले, असे म्हणायला हरकत नाही. १९५९ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला आणि लंडनमध्ये शिकलेले डॉक्टर सिवसागर रामगुलाम १९६१ मध्ये मुख्यमंत्री झाले.

ब्रिटनला आता बेट सोडायचेच होते. १९५६ च्या सुवेझ कालव्याच्या संकटानंतर दूरच्या वसाहती म्हणजे खर्च होता. धास्ती होती ती बेटावर. हिंदू बहुसंख्याकांचे राज्य येईल, या भीतीने गुलामांचे वंशज असलेले क्रिओल, फ्रेंच वंशाचे आणि काही अल्पसंख्याक गायतां ड्युव्हाल यांच्या पक्षामागे गेले. त्यांना पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी संलग्नता हवी होती. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीला ७० पैकी ४३ जागा मिळाल्या, पण सुमारे ४४ टक्के मते विरोधात पडली. वेगळे सार्वमत घेतले गेले नाही. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम गटांत दंगल उसळली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि ब्रिटिश राजकुमारी अलेक्झांड्रा यांची स्वातंत्र्यसोहळ्याला येण्याची योजना रद्द झाली. १२ मार्च ही दांडीयात्रेच्या आरंभाची तारीख मुद्दाम निवडून शां द मार्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नवा झेंडा चढवण्यात आला. पुढच्याच वर्षी ड्युव्हाल रामगुलाम यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होऊन बसले!

धास्तीवरचा उतारा म्हणून घटनेत आठ ‘उत्तम पराभूत’ जागा ठेवल्या होत्या. हरलेल्या उमेदवारांतून समाजांचा तोल पाहून त्या भरल्या जातात. त्यासाठी लोकसंख्येचे हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ असे चार समाज मानले आहेत. मराठी, तमिळ आणि तेलुगू हिंदूंतच मोजले जातात. शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, पण घटनेच्या हिशेबात मराठी माणसाला स्वतंत्र खाना नाही.

स्वातंत्र्याची किंमत मात्र त्याआधीच वसूल झाली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनमधील घटना परिषदेदरम्यान ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना खासगी भेटीला बोलावले. विल्सन यांना आधी दिलेल्या टिपणात हेतू उघड लिहिला होता: स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवायची आणि मॉरिशसच्या अखत्यारीतल्या चागोस बेटांबाबत समंजसपणा न दाखवल्यास ते मिळणार नाही ही भीतीही घालायची. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात चागोस मॉरिशसपासून तोडले गेले. त्यांतल्या दिएगो गार्सिया या सर्वात मोठ्या बेटावर अमेरिकी लष्करी तळ उभा राहावा म्हणून १९७३ पर्यंत चागोसच्या सगळ्या रहिवाशांना हलवले. त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. वसाहतमुक्तीची ही प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्ण झालीच नव्हती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यात चागोसवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करून दिएगो गार्सियाचा वापर सुरुवातीला ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे ठेवण्याची तरतूद आहे.

१२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्रप्रमुख म्हणून ब्रिटिश राणीच्या जागी राष्ट्राध्यक्ष आले. अपिलाचे अंतिम न्यायालय मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची न्याय समितीच आहे.