टॅप हँडल

टॅप हँडल : पिंपातील बीअर पेल्यात काढण्यासाठी नळाच्या तरफेवर बसवलेली, बहुधा ब्रुअरीचे (बीअर बनवणाऱ्या कारखान्याचे) नाव किंवा चिन्ह धारण करणारी मूठ. बाटल्यांची लेबले, कॅन, टोपणे यांच्याप्रमाणे तिचाही संग्रह केला जातो. अमेरिकेत १९७० मध्ये स्थापन झालेली बीअर कॅन संग्राहकांची संघटना पुढे ब्रुअरीशी संबंधित सर्व वस्तूंकडे वळली. ती आज ब्रुअरी कलेक्टिबल्स क्लब ऑफ अमेरिका या नावाने ओळखली जाते.

टॅप हँडलच्या उगमाबाबत जॉन लॉफ्टिंग आणि इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामा ही दोन नावे पुढे केली जातात. लॉफ्टिंग हा लंडनमध्ये स्थायिक झालेला डच संशोधक. १६९१ च्या ‘लंडन गॅझेट’मधील जाहिरातीत त्याच्या यंत्राने तासाला २० ते ३० बॅरल बीअर उपसता येईल, असा दावा आहे. एवढा प्रवाह पेला भरण्याच्या कामाचा नव्हे. ते यंत्र ब्रुअरीत किंवा तळघरात पिंपे भरण्यासाठी असावे. काउंटरमागे उभे राहून तळघरातील बीअर वर घेण्याच्या कल्पनेचे श्रेय ब्रामाच्या १७९७ च्या पेटंटला देणे अधिक सयुक्तिक दिसते.

तथापि याच कल्पनेवर चालणाऱ्या ब्रिटिश हातपंपाचा दांडा आणि अमेरिकी टॅप हँडल यांना एकाच वंशातले मानणे घाईचे ठरेल. हातपंपात दांडा ओढणाऱ्याच्या जोराने बीअर वर चढते. दांडा पंपाचा कायमचा भाग असतो आणि बीअरचे नाव पंपावर अडकवलेल्या ‘पंप क्लिप’वर असते. अमेरिकी नळात बीअर वायूच्या दाबाने आधीच नळापर्यंत आलेली असते. मूठ पुढे ओढली की आतली झडप उघडते, एवढेच तिचे काम. ती आट्यांवर फिरवून काढता येते, म्हणून बीअर बदलली की मूठही बदलते. ब्रिटनमध्ये क्लिपा आणि अमेरिकेत मुठी जमवल्या जाण्याचे कारण या रचनेत आहे.

अमेरिकेत दारूबंदी (१९२०–३३) उठल्यानंतर बेकेलाइटच्या (एक प्रारंभीचे प्लॅस्टिक) आखूड, गोल मुठी सर्वत्र दिसू लागल्या. त्यांच्या दर्शनी बाजूस नाव असलेली चकती बसवलेली असे. संग्राहक त्यांना ‘बॉल नॉब’ म्हणतात. गिऱ्हाइकाला सांगितलेलीच बीअर मिळावी म्हणून नळावर नाव लावणे कायद्याने बंधनकारक झाले आणि त्यातून या मुठी आल्या, असे सर्रास लिहिले जाते. काही राज्यांच्या नियमांत अशी अट आहे, हे खरे; परंतु ब्रुअऱ्यांमधली चढाओढ हेही तितकेच सबळ कारण मानावे लागते. दारूबंदीपूर्वीची म्हणून विकली जाणारी नाममुद्रित मूठ स्वतंत्र पुराव्याशिवाय तशी मानू नये.

उंच, शिल्पवजा मुठी क्राफ्ट, म्हणजे लहान व स्वतंत्र, ब्रुअऱ्यांबरोबर रूढ झाल्या. फ्रिट्झ मेटॅग यांनी सान फ्रान्सिस्कोतील डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी १९६५ मध्ये हाती घेतली. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये सोनोमात काढलेली न्यू अल्बियन १९८२ मध्ये बंद पडली, पण तिचा कित्ता अनेकांनी गिरवला. घरगुती बीअरनिर्मितीला संघीय मुभा देणाऱ्या कायद्यावर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही झाली. त्यानंतर सिएरा नेव्हाडा (चिको, १९८०) व रेडहूक (सिअ‍ॅटल, १९८१) या ब्रुअऱ्या सुरू झाल्या. मोठ्या जाहिरातींचा खर्च न झेपणाऱ्या या मंडळींना काउंटरवरची मूठ हीच हक्काची पाटी होती.

मुठीवरून ब्रुअरीचा इतिहास वाचता येतो, पण तो पुरता नव्हे. शिकागोची गूज आयलंड ब्रुअरी (१९८८) हंसाच्या मानेच्या मुठीसाठी प्रसिद्ध आहे. ती २०११ मध्ये अ‍ॅनहॉयझर-बुशने विकत घेतली आणि ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकी व्यावसायिक संघटनेच्या व्याख्येनुसार क्राफ्ट राहिली नाही, कारण त्या व्याख्येत स्वतंत्र मालकीची अट आहे. हंस मात्र नळावर राहिला. म्हणून मूठ कोणत्या मालकीच्या काळातली, याची नोंद संग्राहकाने आवर्जून ठेवावी. ती नसेल तर संग्रहाचे निम्मे मोल जाते.

परीक्षण तळापासून करावे. अमेरिकी मुठीच्या बुडाशी असलेल्या धातूच्या फेरूलमध्ये (टोपणासारख्या कड्यामध्ये) ३/८ इंच व्यासाचे, इंचाला १६ असे आटे असतात. वेगळे आटे आढळल्यास मूठ अन्य देशातली किंवा दुरुस्त केलेली असू शकते. रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेच्या) मुठीवर साच्याची शिवण आणि हवेचे बारीक बुडबुडे दिसतात. बोटे पडतात तेथे रंग झिजलेला आणि बाकी पृष्ठभाग शाबूत असेल, तर ती वापरातली समजावी. सर्वत्र सारखीच झीज संशयास्पद होय. लाकडी मुठीला बुडाशी चीर पडते. ती सरसाने बुजवण्यापेक्षा तशीच ठेवणे बरे.

फार उंच व जड मुठी पुढे कलून झडप किंचित उघडतात आणि नळ ठिबकतो. रुंद मुठी शेजारच्या नळावर आपटतात. नळावरची बीअर वरचेवर बदलणाऱ्या ठिकाणी साध्या मुठी व खडूने लिहिण्याची पाटी वापरली जाते.