प्रवासपर्याय निवड प्रतिमान

शहरातला माणूस कोणत्या वाहनाने, कोणत्या वाटेने आणि किती वाजता प्रवास करील, याचा गणिती अंदाज बांधण्याची पद्धत. नवी मेट्रो किती भरेल, बसभाडे वाढवले तर किती प्रवासी दुचाकीकडे वळतील, असे प्रश्न खर्च करण्याआधी तपासण्यासाठी ती वापरतात.

पूर्वी शहराचे विभाग पाडून विभागाच्या सरासरीवर हिशेब होई. अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात एकेका प्रवाशाच्या निवडीवर आधारलेले लॉजिट प्रतिमान रूढ केले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘बार्ट’ रेल्वे सुरू होण्याआधी, प्रवाशांत तिचा वाटा १५ टक्के असेल, असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांचे उत्तर ६.३ टक्के आले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के भरले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रतिमानात प्रत्येक पर्यायाची ‘उपयोगिता’, म्हणजे तो प्रवाशाला किती सोयीचा वाटतो याचा आकडा, काढतात. गाडीतला वेळ, थांब्यावरचा वेळ, पायपीट आणि भाडे यांचे वजन सर्वेक्षणावरून ठरते. थांब्यावरचे मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा बरेच जड भरते. जे मोजता येत नाही ते यादृच्छिक धरतात, म्हणून उत्तर शक्यतेच्या रूपात मिळते: दोन पर्यायांची उपयोगिता सारखी असेल तर निम्मे-निम्मे, एका एककाचा फरक असेल तर साधारण ७३ आणि २७ टक्के.

साध्या लॉजिटचा दोष प्रसिद्ध आहे. मोटार आणि लाल बस यांत प्रवासी निम्मे-निम्मे असताना तशीच निळी बस सुरू केली, तर प्रतिमान तिघांना एकेक तृतीयांश देते. खरे तर मोटारवाले जागचे हलणार नाहीत. बसचेच प्रवासी दोन बसमध्ये वाटले जातील. सारख्या पर्यायांचा गट करणारे ‘नेस्टेड लॉजिट’ त्यासाठीच आले.

मुंबईच्या लोकलवर याहून अवघड कोडे भेटते. कल्याणहून भरून आलेली फास्ट सोडून डोंबिवलीहून सुटणारी स्लो धरणारे प्रवासी रोज दिसतात. काही जण तर उलट्या दिशेने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन त्याच गाडीने ‘रिटर्न’ येतात. फक्त मिनिटे आणि भाडे मोजणाऱ्या प्रतिमानाला हे वागणे चुकीचे वाटेल. चूक मात्र प्रतिमानाची आहे, कारण बसायला मिळणे आणि दारात लटकावे न लागणे त्याने हिशेबातच धरलेले नाही. उशिरा परतणाऱ्या बाईला स्टेशनबाहेरचा अंधारा रस्ता किती लांब वाटतो, हेही अंतराच्या आकड्यात येत नाही.

अशा गोष्टींसाठी प्रवाशापुढे काल्पनिक पर्याय ठेवून विचारतात: उभ्याने, गर्दीत ४५ मिनिटे, की बसून ६५ मिनिटे? भाडे तेच. पुरेशी उत्तरे जमली की बसायच्या जागेची किंमत मिनिटांत काढता येते.